पंडिता रमाबाई : आधी विचारणे, मग मागणे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा फार दूर जावेसे वाटले नाही. बारामतीहून आगगाडीने पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर पाटस, कडेठाण आणि मग केडगाव, ही स्टेशने आपणा सर्वांना पाठ आहेत. इंदापूरच्या भगिनी भिगवण-पाटसवरून मोटारीने जातात. त्यांनाही चौफुल्याला केडगावकडे वळणारा रस्ता दिसतोच. या केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. इतक्या जवळ राहूनही आपल्यापैकी पुष्कळजणींना रमाबाई म्हणजे संस्कृत जाणणाऱ्या एक पंडिता, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या आणि ख्रिस्ती झालेल्या, एवढीच माहिती असते. त्यांच्या आयुष्यातील एका गोष्टीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्यापूर्वी, काय मागावे हे त्या आधी देवाला विचारीत. आज त्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

देवाजवळ मागणे आपल्याला नवे नाही. ज्या बारामतीत मोरोपंतांनी केकावली रचली, तेथील माणसांना प्रार्थना म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पण पंतांनी देवाला टाहो फोडला तो स्वतःच्या उद्धारासाठी. दुसऱ्यासाठी मागणे हे त्याहून अवघड काम आहे. शेजारणीचा मुलगा परीक्षेला बसला, तो पास होऊ दे, असे आपण सहज म्हणतो. जाऊबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांना बरे वाटू दे, म्हणतो. यात वाईट काहीच नाही. परंतु त्या मुलाचे, त्या जाऊबाईंचे खरे हित कशात आहे, हे आपल्याला नेमके कोठे कळते? कित्येकदा आपण आपलीच इच्छा दुसऱ्याच्या नावावर देवापुढे मांडतो.

ख्रिस्ती धर्मात अशा प्रार्थनेला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात, आणि वरील अडचण त्या धर्मानेही ओळखलेली आहे. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात असा आशय आहे की, कशासाठी व कशी प्रार्थना करावी हे माणसाला नीट कळत नाही. तेव्हा पवित्र आत्माच त्याच्या दुबळेपणाला हात देतो. म्हणून आधी स्वस्थ बसावे, शास्त्र वाचावे, मार्गदर्शन मागावे आणि जे मनात दृढ होईल तेच मागावे, अशी शिकवण पुष्कळ ख्रिस्ती भक्त देतात. आपल्याकडे एखाद्या कामाआधी देवाला कौल लावतात, त्याची येथे आठवण होईल. पण येथे कळी उजवीकडे पडली की डावीकडे, हे पाहावयाचे नसते. आपले मन, शास्त्र आणि समोरच्या माणसाची गरज यांचा मेळ बसेपर्यंत थांबावयाचे असते. रमाबाईंना हे एका दिवसात उमगले नाही. त्यासाठी त्यांना अर्धे आयुष्य मोजावे लागले.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल लोकांचा रोष पत्करून पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तेथेच रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि देवळांतून पुराणे सांगत देशभर हिंडू लागले. घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी, आई मुलीला श्लोक शिकवी. हजारो श्लोक या मुलीच्या तोंडी होते.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे किडुकमिडुक संपले. मजुरी करावयाची सवय नाही, भीक मागावयाची लाज, अशा स्थितीत या कुटुंबाने देवावर भार टाकला. उपास केले, अनुष्ठाने केली, तीर्थांत स्नाने केली, उरलेसुरले दानधर्मात घातले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. भाऊ श्रीनिवास आणि रमा एवढीच दोघे उरली आणि हजारो मैल पायी चालत राहिली. थंडीवाऱ्यात, अर्धपोटी काढलेल्या त्या दिवसांनी रमाबाईंच्या कानांना कायमचा अधूपणा आला. त्याहून मोठी इजा मनाला झाली. इतके मागूनही काही मिळाले नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. आपल्या भागात दुष्काळाच्या आठवणी ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बंगालमधील वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. दोघांची जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून विवाह कायद्याने नोंदवून झाला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी गेले. चोवीस वर्षांच्याही आत आई, वडील, बहीण, भाऊ, पती, सगळे गेले आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी राहिली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला. आजच्या आपल्या महिला मंडळांची ती एक थोरली बहीणच म्हणावयाची. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. शिक्षणाविषयी चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षक यांची गरज सांगितली. मग वैद्यक शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा बेत सोडावा लागला.

इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींनी लंडनजवळ वाट चुकलेल्या बायकांसाठी एक आश्रम चालविला होता. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जाते, हे पाहून रमाबाई हलल्या. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी बाईची गोष्ट त्यांनी याच वेळी वाचली. काशीचे जुने पंडित नीळकंठशास्त्री गोरे हे कित्येक वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लेखनानेही रमाबाईंच्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आता त्यांना आध्यात्मिक वडीलधाऱ्यांची काही उणीव नव्हती. सिस्टर जेराल्डिन यांना तर त्या आजीबाई मानीत. पण मार्गदर्शन घेणे आणि दुसऱ्याच्या हाती आपली बुद्धी देऊन मोकळे होणे, यांतला फरक त्या विसरल्या नाहीत. चर्चने सांगितले म्हणून मानावे, असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळविले की, पुरोहितांचे एक जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, दुसरे चढविण्याची इच्छा नाही. वडिलांचा सल्ला त्या आदराने ऐकत; निर्णय मात्र शास्त्र वाचून आणि देवापुढे बसून स्वतः घेत. ही सवय पुढे जन्मभर राहिली, आणि तिच्यामुळे त्यांना पुष्कळदा एकटेही पडावे लागले.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ मध्ये बॉस्टन येथे त्यांच्या कार्याला पैसा पुरविणारी एक सभा उभी राहिली. १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले.

सदनाचा नियम असा होता की, कोणाही मुलीच्या धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही. ज्याची त्याची पूजाअर्चा ज्याला त्याला मोकळी. तशीच रमाबाईंनाही स्वतःची प्रार्थना मोकळी होती. त्या आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते हे खरे. पण बसू नका असेही कोणी म्हटले नाही. पुण्यात याचा गवगवा झाला. केसरीने टीकेची झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून १८९३ साली बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात सारा दोष पुणेकरांचा, असे म्हणून चालणार नाही. ज्या बापाने, ज्या भावाने सनातनी नातलगांचा विरोध सोसून विधवा मुलीला सदनात पाठविले, त्याला संस्थेच्या तटस्थपणाचा भरवसा होता. तो भरवसा डळमळला असे त्याला वाटले, तर त्यात नवल नाही. दुसऱ्या बाजूने रमाबाईंनाही वाटे की, मुलीला दार लावून घेणे म्हणजे पुन्हा तिला दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणे. गोदूबाई सदनात राहूनही हिंदूच राहिल्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहताना आपली मर्यादा कोठे संपते, हा प्रश्न त्या प्रसंगाने उभा केला. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

याच वर्षांत रमाबाईंच्या स्वतःच्या मनातही खळबळ चालली होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली, तरी मनाला शांती नव्हती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ पाद्री होऊन लोकांना उपदेश करीत असतानाच त्याला उमगले होते की, आपल्याला स्वतःलाच अजून काही सापडलेले नाही. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त स्वीकारला नाही, अशा अर्थाचे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे. पंडितेने आपले पांडित्य बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ केला. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले. म्यूलर कोणाकडेही वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करीत. असे आपल्या देशात का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

त्या काळी लोणावळ्यास रानात तंबू ठोकून ख्रिस्ती लोकांचे मेळावे भरत. १८९५ च्या मेळाव्यात रमाबाईंनी पवित्र आत्म्याविषयीची प्रवचने ऐकली आणि त्यांच्या मनाची तगमग शमली. पुढच्या वर्षी, १८९६ साली, त्या पुन्हा तेथे गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या त्यांच्या मुली होत्या. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात जाऊन बसल्या. समोर सूर्य वर येत होता. मनात अनेक माणसांचे कल्याण होते. पण मागावयाचे काय आणि किती, हे त्यांनी आपल्या मनाने ठरविले नाही. ते देवालाच विचारीत त्या बसल्या. त्या वेळी ज्यांना त्या आपली आध्यात्मिक लेकरे म्हणत अशा पंधराजणी होत्या. त्यांच्या मनात असे भरले की, या पंधरांचा वर्ग मागावा. म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. सदनातील मुलींची एकूण संख्याही याच्या जवळपास नव्हती. मनाने हिशेब घातला असता तर त्यांनी वीस मागितल्या असत्या, पंचवीस मागितल्या असत्या. पण जे सुचविले गेले असे त्यांना वाटले, तेच त्यांनी मागितले.

उत्तर आले ते मात्र कोणालाही नकोसे वाटेल अशा रूपाने. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे आपले कुटुंब दिसू लागले. सदनाच्या खर्चापुरतेच पैसे होते. घरी बसून दुष्काळग्रस्तांसाठी प्रार्थना करणे शक्य होते, आणि ती त्यांनी केलीही. पण प्रार्थनेला बसल्या की, हे काम दुसऱ्या कोणी करावयाचे नसून तुलाच उठावयाचे आहे, असे त्यांना वाटू लागले. त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्यांवर, दुष्काळी कामांवर, धर्मशाळांत हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि बालविधवा त्यांनी पाहिल्या. काहींना फसवून नेणारे लोक तेथे टपलेले होते. रमाबाई मुलींना घेऊन येत, पुन्हा जात, पुन्हा आणीत. असे करता करता सुमारे तीनशे मुली जमल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग आला होता आणि नव्या माणसांना शहरात ठेवण्यास सरकारची मनाई होती. केडगावला रमाबाईंनी संस्थेच्या पोटापाण्यासाठी शंभर एकर जमीन आधीच घेऊन फळझाडे लावली होती. त्या माळावर राहुट्या ठोकून मुलींना ठेवले. विहिरी खणल्या, इमारती उभ्या राहिल्या आणि १८९८ साली मुक्ति सदन नावारूपाला आले. लोणावळ्याच्या रानात मागितलेला आकडा आपल्या डोळ्यांसमोर भरून निघाला, असे रमाबाईंना वाटले. या मुलींच्या अंगावर कपडा नव्हता, केसांत उवा होत्या, कित्येकींना चोरी आणि शिवीगाळ यांवाचून दुसरे काही माहीत नव्हते. त्यांना न्हाऊ घालणे, जेवू घालणे, रात्री त्यांच्या उशाशी बसणे, हा सारा त्या प्रार्थनेचाच खर्च होता आणि तो रमाबाईंनी बिनतक्रार भरला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

इतक्या माणसांचे पोट भरणे म्हणजे गाव चालविणेच होय. मुक्तीत शाळा होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, दूधदुभते, शेती, शिवणकाम, छापखाना होता. अंध मुलींसाठी बर्तिमी सदन होते. तेथे मनोरमाबाईंनी बोटांनी वाचण्याची लिपी शिकविली. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. प्रार्थनेचे नाव घेऊन कोणी हात जोडून बसून राहिले, असे केडगावी दिसले नसते.

याच सुमारास वेल्समध्ये धर्मजागृतीची मोठी लाट उसळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ऑस्ट्रेलियात लोकांनी ठिकठिकाणी प्रार्थनेची वर्तुळे चालविली होती. ती मनोरमाबाई व मिनी एब्रॅम्स या अमेरिकन बाई यांनी तेथे जाऊन पाहिली होती. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीतील बायकांना विचारले की, रोज सकाळी जमून देशातील सर्वांसाठी प्रार्थना करावयास कोण येईल? सुमारे सत्तरजणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि दिवसातून दोनदा चर्चमध्ये जमणे होऊ लागले.

मग त्यांनी दुसरी हाक दिली. शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या गावांत जाऊन सांगण्याचे काम कोण करील? तीस तरुणी पुढे आल्या. एखाद्या उत्साही पुढाऱ्याने त्यांना दुसऱ्याच दिवशी बैलगाडीत बसवून धाडले असते. रमाबाईंनी तसे केले नाही. आधी आपल्यालाच बळ आणि दिशा मिळाली पाहिजे, म्हणून या तीसजणी रोज एकत्र बसून त्याचीच प्रार्थना करीत राहिल्या. गावासाठी मागण्याआधी स्वतःचे मन तपासण्याचे हे दिवस होते. २९ जूनच्या रात्री मुलींच्या खोलीत जागृतीचा आरंभ झाला. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शांतपणे समजावून देत असता सर्व मुली मोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या. त्यांना बोलणे थांबवावे लागले. कित्येकींनी आपले अपराध कबूल केले. त्यानंतर मुलींच्या तुकड्या गावोगाव जाऊ लागल्या आणि घरी राहिलेल्या माणसांची नावे घेऊन प्रार्थना करू लागल्या.

शेकडो मुलींनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करावी, हे काही गोऱ्या मिशनऱ्यांना रुचले नाही. त्यांना तो गोंगाट वाटला. रमाबाईंनी तो बंद करण्याचा हुकूम सोडला नाही. भारतीय बायकांनी इंग्रजी चालीनेच देवाला हाक मारावी, असे त्यांना वाटत नव्हते. १९०७ साली मुक्ति प्रेयर बेल या आपल्या नियतकालिकात त्यांनी आपल्या मुलींची बाजू मांडली.

आयुष्याच्या उत्तरार्धातील त्यांचे सर्वांत मोठे काम बायबलचे भाषांतर. त्या वेळचे मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातील बाईला ते कळत नसे. साठीकडे झुकलेल्या, कानांनी अधू अशा या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. मुक्तीतील बायकांनीच त्याचे खिळे जुळविले आणि छपाई केली. जिला संस्कृतातील हजारो श्लोक पाठ, तिने सोपी मराठी लिहिण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे, यामागे एकच हेतू होता. देवाची इच्छा काय आहे हे विचारावयास कोणत्याही बाईला शास्त्रीबोवाकडे किंवा मडमेकडे जावे लागू नये. पुस्तक उघडून तिने ते स्वतः पाहावे.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पण शेवटची वर्षे दुःखाची गेली. ज्या मुलीच्या हाती सगळे काम सोपवावयाचे, त्या मनोरमाबाई १९२१ च्या जुलैमध्ये मिरजेस वारल्या. हजारो अनोळखी माणसांसाठी प्रार्थना करणाऱ्या आईने आपल्या एकुलत्या एका लेकीसाठी ती केली नसेल, असे कोण म्हणेल? उत्तर मात्र मनासारखे आले नाही. सतरा-अठरा वर्षांची असताना न मिळालेल्या उत्तरांनी ज्या रमाबाईंची श्रद्धा उडाली होती, त्यांनी त्रेसष्टाव्या वर्षी हा घाव सोसला आणि भाषांतराची मुद्रिते तपासावयास पुन्हा बसल्या. मागितलेले मिळालेच पाहिजे, हा हट्ट मधल्या वर्षांत केव्हा तरी गळून पडला होता. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंचा धर्म आपणा सर्वजणींचा नाही. त्यांच्या धर्मांतरावरून वाद झाले आणि पुढेही होतील. आपल्या मंडळात निरनिराळ्या घरच्या, निरनिराळ्या देवांपुढे दिवा लावणाऱ्या बायका एकत्र बसतात. तरी केडगावच्या या शेजारणीकडून एक गोष्ट सर्वजणींना घेता येईल. मंडळातील कोणी आजारी पडली, कोणाच्या घरी संकट आले, तर आपण लगेच देवाला तिच्यासाठी मागावयास लागतो. त्याआधी घटकाभर गप्प बसून विचारावे की, हिला खरोखर काय हवे आहे? कदाचित तिला बरे वाटण्यापेक्षा तिच्या मुलांना दोन दिवस कोणी डबा पोहोचविणे अधिक निकडीचे असेल. कदाचित तिला उपदेश नको असेल, शेजारी कोणीतरी बसावे एवढेच हवे असेल. आणि विचारून झाल्यावर उत्तरादाखल आपल्यालाच उठावे लागले, तर चप्पल पायात सरकवून उठावे.

यंदाच्या सहलीचे ठिकाण अजून ठरलेले नाही, असे ऐकते. केडगाव वाटेवरच आहे. सर्वजणींनी मिळून एकदा तेथे उतरावे, एवढी सूचना करून लेखणी खाली ठेवते.